झोळीतले दहा शेर तांदूळ

अहो,

जंगलाच्या फेरीवरून याल तेव्हा पाळणा रिकामा दिसेल. घाबरू नका. शामी माझ्या पाठीवरच्या झोळीत आहे आणि तिला ताप नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला आकडी आली, तेव्हा बैलगाडीची वाट पाहत मी ओसरीवर नुसती बसून राहिले. ते माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. दवाखाना दोनच कोस आहे. म्हणून तीन महिने एक दिवसाआड शामीच्या वजनाचे दहा शेर तांदूळ झोळीत पाठीला बांधून तळ्याच्या पाळीवर धावते, आणि मधल्या दिवशी परसात बैठका काढून तुमचा मुद्गल फिरवते. सासूबाई म्हणतात, "काऊन धावून राहिली वो? वाघ लागला का मांगं?" पण तांदूळ त्याच मोजून देतात.

धुक्यात पाय जमिनीला लागतात की नाही, कळतच नाही. तळंच मला पुढे नेतंय असं वाटतं.

आज पहिल्यांदाच तांदूळ घरी ठेवलेत. दवाखान्यापर्यंत धावत जाऊन पायरीला हात लावून, शामीला कमळं दाखवत चालत परत येईन. सासूबाईंना म्हणावं, ते तांदूळ आता शिजायला टाका.

रुख्मिणी