देवामार्फत केलेलं भांडण

राळेगाव, मंगळवार

तीर्थरूप लीलामावशीस,

प्रेरणाचा साष्टांग नमस्कार आणि जय येशू. आधी एक प्रश्न विचारते आणि लगेच कबूल करते की त्याचं उत्तर मला येत नाही. एका छपराखाली राहून अकरा दिवस एकमेकांशी शब्दही न बोलणारे नवरा-बायको जास्त विवाहित, की दीडशे किलोमीटर लांब राहून रोज फोनवर ‘जेवलास का’ विचारणारे? आपल्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की हिला उत्तर येत असेल. रसायनशास्त्राचं येतं. याचं येत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? टेकवत नसतील तर खुर्चीत बसून प्रार्थना कर, देव चालवून घेतो (हे माझं मत आहे, फादरांना विचारलेलं नाही). इकडे तब्येती सगळ्यांच्या उत्तम आहेत. सासूबाईंचा खोकला गेला, अतुलचं वजन वाढलं, मी बरी आहे. एवढ्या निरोगी घरात इतकं दुःख कसं मावतं, हे मात्र तू इथे येऊन बघायला हवं.

तू माझी धर्ममाता, लग्नातही साक्षीला तूच सही केलीस, म्हणून कुणालाही न सांगितलेलं तुला लिहिते. आमच्या लग्नाला चौदा महिने झाले. विवाहपूर्व शिबिरात फादरांनी आम्हा दोघांना वेगवेगळं बसवून जोडीदाराकडून काय अपेक्षा आहेत ते लिहायला सांगितलं होतं, तुला आठवत असेल. मी सात पानं लिहिली. त्यात परस्परसंवाद होता, एकत्र बायबलवाचन होतं, दर शनिवारी आठवड्याचा आढावाही होता. अतुलने एकच शब्द लिहिला, ‘चहा’. मी तेव्हा हसले आणि साधा माणूस मिळाला म्हणून देवाचे आभार मानले. साध्या माणसाबरोबर राहणं किती अवघड असतं, हे शिबिरात सांगत नाहीत. (त्यांनी सांगावं तरी कसं, शिकवणारे फादर आणि सिस्टर!)

आता झालं काय ते. तुझ्याच पुसदच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती आणि मी अर्ज केला होता. शाळेने निवड करून फोन केला. तो फोन अतुलने घेतला आणि ‘मॅडम नाही येणार, लंब पडते’ असं सांगून टाकलं. मला सांगितलंही नाही. तो दिवसभर जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या मोजत बसला, संध्याकाळी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि झोपला. तीन दिवसांनी, बुधवारी, मी स्वतःच शाळेत चौकशी केली, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, ‘अहो, तुमच्याच घरून नकार आला ना?’ त्या बुधवारपासून मी बोलणं सोडलं. भांडले नाही, ओरडले नाही. माझ्या सात पानांत ‘आवाज चढवायचा नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी माझा शब्द पाळते.

पहिले चार दिवस सासूबाईंचे हाल झाले. अतुल त्यांच्याकडे बघून म्हणायचा, ‘आई, चहा भेटन का?’ मी त्यांच्याकडेच बघून म्हणायची, ‘आई, दूध नासलं म्हणावं.’ मधला चेंडू होऊन त्या दमल्या. चौथ्या दिवशी ताट सरकवून म्हणाल्या, ‘मी का तुमच्या मोबाईलचा टावर आहो? बॅटरी संपली माही!’ आणि शेजारी कौसल्याबाईंकडे जाऊन जेवल्या. मला फार अपराधी वाटलं. रविवारी फादर चर्चमध्ये मिस्सा अर्पायला आले, तेव्हा मी आधी पापनिवेदन केलं आणि नवऱ्याशी अबोला धरल्याचं सांगितलं. अतुलने काय केलं तेही सांगितलं, पण फादर म्हणाले, त्याचं पाप त्याला सांगू दे. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी सांगितलं की रोज संध्याकाळी दोघांनी एकत्र प्रार्थनेला बसायचं आणि एकमेकांसाठी मोठ्याने एकेक विनंती करायची.

मी प्रायश्चित्त कधीही टाळत नाही. त्याच संध्याकाळी मेणबत्ती लावली, सासूबाईंना मध्ये बसवलं आणि अतुलसमोर (त्याच्याशी नव्हे) फादरांचा नियम वाचून दाखवला. पहिली विनंती माझी. मी अगदी मनापासून म्हणाले, ‘हे प्रभू, जे लोक दुसऱ्याचा फोन उचलून दुसऱ्याच्या वतीने नाही म्हणतात, त्यांना प्रकाश दे.’ सासूबाई सवयीने म्हणाल्या, ‘हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’ अतुल थोडा विचार करून म्हणाला, ‘देवा, ज्यायच्या भाजीत चार दिवसांपासून मीठ नाही, त्यायले सबुरी दे.’ सासूबाई त्यालाही तेच म्हणाल्या. प्रत्येक विनंतीला हेच म्हणायचं, नियमच तो.

खरं सांगते मावशी, मला बरं वाटलं. पाचव्या दिवशी का होईना, नवऱ्याने काहीतरी मनातलं सांगितलं होतं, भले मला नसेल. पण सोमवारी ‘ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्यांना’ आणि ‘सकाळी पाचला भांडी आपटणाऱ्यांना’ सद्बुद्धी मागून झाली. मंगळवारी माझ्या माहेरच्यांसाठी अशी काही प्रार्थना झाली की मी ती इथे लिहीत नाही. बुधवारपर्यंत आमची प्रार्थना पाऊण तास चालू लागली. बाप्तिस्म्याला तूच माझं नाव मोनिका ठेवलंस. त्या संतिणीने आपल्या माणसांसाठी वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली म्हणतात. तिची सासू मध्ये बसून ‘आमची प्रार्थना ऐक’ म्हणत होती का, याची कुठे नोंद नाही.

आणि मग महिन्याचा पहिला शुक्रवार आला. इथे आपल्या ख्रिस्ती लोकांची नऊ घरं. पहिल्या शुक्रवारी एका घरी सगळे जमतात आणि या वेळी पाळी आमची होती. बैठकीत सतरंजी टाकली, मुरमुऱ्यांचा चिवडा केला (मीठ घालून), बावीस माणसं दाटीने बसली. मी ठरवलं होतं की आज फक्त आजाऱ्यांसाठी आणि देशासाठी विनंती करायची. पण माझी पाळी आली आणि तोंडातून तेच फोनवाले लोक निघाले. इतकंच नव्हे तर पुसद, शाळा आणि प्रयोगशाळा हे सगळं तपशिलासह निघालं, म्हणजे देवाचा गोंधळ व्हायला नको. बावीस जण एका आवाजात म्हणाले, ‘हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’ मग अतुल, जो दिवसाला दहा शब्द बोलतो, डोळे मिटून म्हणाला, ‘देवा, ज्या बाया नवऱ्याले न सांगता नोकरीचा फारम भरतात आन् त्याच्यावर नवऱ्याचाच नंबर टाकतात, त्यायले अक्कल दे.’

(हे मी वर लिहायला विसरले. अर्ज मी त्याला न सांगताच भरला होता. आणि नंबर त्याचा दिला, कारण माझ्या सात पानांत ‘दोघांत काही वेगळं नसावं’ असं एक कलम होतं. गुपचूप अर्ज करायचा आणि संपर्काला नवऱ्याचा नंबर द्यायचा, ही बुद्धी पदवीशिवाय येत नाही.)

बावीस जण याही विनंतीला एका आवाजात हो म्हणाले. कौसल्याबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि त्या पदराने डोळे पुसत होत्या. शेवटी सासूबाईंनी हात जोडले. ‘देवा, ह्या दोघायले तू तोंड देल्लं, जीभ देल्ली. आता वापराले लाव. नाही तं वापस घेऊन घे.’  सगळे चिवड्याकडे बघत बसले.

मला वाटलं, यापेक्षा वाईट काही होणार नाही. पण रविवारी मिस्सेनंतर फादरांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यात यवतमाळला दांपत्य मेळावा आहे आणि ‘कुटुंबातील रोजची प्रार्थना’ या विषयावर आपल्याकडून अतुल आणि प्रेरणा बोलतील, कारण त्यांच्या घरच्या प्रार्थनेत लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं असं त्यांच्या कानावर आलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघे फादरांच्या मागे मागे गेलो आणि दारात उभे राहिलो. तिथे माझा नवरा अबोल्यानंतरचा पहिला शब्द माझ्याशी बोलला. ‘तू सांग.’ मी म्हणाले, ‘तू सांग.’ असं आमचं संभाषण सुरू झालं.

शेवटी मीच सगळं सांगितलं. फादर म्हणाले, ‘मग डोळ्यांत पाणी कुणाच्या आलं?’ मी म्हणाले, ‘कौसल्याबाईंच्या. त्या हसत होत्या.’ त्यांनी मेळाव्याच्या यादीतून आमची नावं काढली आणि आम्हाला घरी जायला सांगितलं.

चर्चच्या मागच्या नळापाशी अतुल थांबला. पाणी प्यायला, तोंड धुतलं, परत पाणी प्यायला. मग नळाकडे बघत म्हणाला, ‘तू नोकरीले लागली का मंग तुले मी कायले लागतो?’

मावशी, मला वाटत होतं की त्याला माझं शिकणं खुपतं किंवा त्याला चहाची चिंता आहे. मी चौदा महिने परस्परसंवाद, परस्परसंवाद करत होते आणि हा माणूस एवढं एक वाक्य पोटात घेऊन कापसाच्या गाड्या मोजत होता. माझ्या सात पानांत याचं उत्तर नव्हतं. मी रडले. त्याने नळ बंद केला. मी म्हणाले, ‘मले नाही माहीत.’ (तो म्हणतो, मी पहिल्यांदा खरं बोलले.) घरी आलो, जेवलो, भाजीत मीठ बरोबर होतं. संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो, पण विनंत्यांच्या वेळी दोघांनाही काही सुचलं नाही. सासूबाई वाट बघून बघून एकट्याच ‘आमची प्रार्थना ऐक’ म्हणाल्या.

अजून तसंच आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
प्रेरणा

ता. क. तुझी पुढची खोली अजून रिकामी आहे का? सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत एका माणसाची सोय होईल का? मी स्वयंपाक करीन, पहाटे भांडी वाजवणार नाही. काल मी शाळेत फोन केला. जागा भरलेली नव्हती. या वेळी फोन अतुलसमोर केला आणि त्याला स्पीकरवर सगळं ऐकू दिलं. तो मध्ये एकदाच बोलला. हजर व्हायला कोणते कागद लागतात, ते त्याने विचारलं.

ता. क. २. हे पत्र टपालाने येणार नाही. मी ते टेबलावर उघडं ठेवलं आणि अतुलला वाच म्हणाले. वाचून तो म्हणाला, ‘लय लंबं झालं.’ मग पेन घेऊन अबोल्याच्या दिवसांपाशी अकराचे बारा करायला निघाला, म्हणे रविवार धरायला पाहिजे. मी ते करू दिलं नाही. समेट झाला असं समजू नकोस. दर शनिवारच्या गाडीला तो बसस्थानकावर येईल की नाही, ते मला ठाऊक नाही आणि त्यालाही ठाऊक नाही.

ता. क. ३. गुरुवार, पुसद. आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. हे पत्र आणि माझी पेटी घेऊन तुझ्या दारात उभा आहे तो अतुल. त्याला आत घे आणि जेवू घाल, चारच्या गाडीने तो एकटा परत जायचा आहे. मी शाळेत आहे. पावणेअकराला हजेरीपुस्तकात सही केली.