मुगाचा मोर

राजापेठ, अमरावती
१२ ऑक्टोबर १९६१

ती. सूर्यभानदादास कौशल्याचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

इकडे सारे खुशाल. फक्त घरात माणसांपेक्षा किडे जास्त झाले आहेत. तिळाएवढे, तपकिरी. खिडकीत आहेत, देवघरात आहेत, आणि परवा तर उत्तम शिकवतो त्या शाळेच्या हेडमास्तरांच्या चहात. मास्तरांनी तो बोटाने काढला अन् बशीच्या काठावर ठेवला. मले तर बाप्पा, मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्वारी उन्हात घातली, गहू चाळला, कडुलिंबाचा पाला घातला. जात नाहीत.

उत्तमची वच्छला सून होऊन आली त्याला पाच महिने झाले. त्याआधी या घरात किडा नव्हता, याचा अर्थ तूच काढ. दिवाळीला तिचे वडील न्यायला येतील. त्यांना सांगणार आहे, की घर ठेवायचे नीट शिकवूनच पाठवा, आम्हाला घाई नाही.

चार किडे पुडीत पाठवते. भिंग घेऊन बस नि कळव.

तुझी धाकटी,
कौशल्या

(पोस्टकार्ड)
तेल्हारा, १७ ऑक्टोबर

चि. सौ. कौशल्येस अनेक आशीर्वाद.

पुडीतले दोघे पोस्टाच्या शिक्क्याखाली कामी आले. उरलेले भिंगाखाली घेतले. गहू-ज्वारीतल्या किड्याला सोंड असते. याला नाही. पाठीला कुबड, पंख आखूड. म्हणजे हा कडधान्यातला भुंगेरा! दाण्याला सुईने पाडल्यासारखे गोल भोक पाडून बाहेर येतो. तू ज्वारीला उगाच उन्हाची शिक्षा दिली. अख्खे मूग, चवळी पाहा. भोकाचे दाणे फेक, बाकीचे तीन दिवस कडक उन्हात घाल, मग एरंडीच्या तेलाचा हात लावून घट्ट डब्यात भर.

दोष उघड आहे. सूनबाईने कडधान्य न वाळवता भरले. पोर आहे, पण बोलल्याशिवाय शिकणार नाही. आमच्या घरी चाळीस वर्षांत एक भुंगेरा नाही.

माझा काचेच्या चौकटीतला मोर कसा आहे? उत्तमच्या लग्नाच्या आहेरासाठी मूग-चवळी डिंकाने चिकटवत महिनाभर खपलो. त्याला नजर लागू देऊ नको.

सूर्यभान

राजापेठ, २६ ऑक्टोबर

ती. मामाजींच्या चरणी वच्छलाचा नमस्कार, वि. वि.

तुमचे कार्ड जानराव पोस्टमनने फाटकातच मोठ्याने वाचले. तेव्हापासून शेजारच्या जाईबाई नळावर विचारून राहिल्या, की काहून वो सूनबाई, मूग वाळवले नाही म्हणे? म्हणून हे पत्र पाकिटातून.

तुम्ही लिहिले तसे सगळे डबे उपसले, दाणा न् दाणा पाहिला. एकालाही भोक नाही. काल जाळी काढायला स्टुलावर चढले, तो तुमचा मोर समोरच. मानेचे मूग तुम्ही लिहिल्यासारखेच, सुईने पाडल्यागत. पिसाऱ्याच्या चवळीची नुसती टरफले उरली. काचेच्या तळाशी भुंगेऱ्यांचा ढीग. गुंजेचा डोळा तेवढा शाबूत आहे.

अजून कोणाला सांगितले नाही. सासूबाई आल्या-गेल्याला आधी मोर दाखवतात. सांगावे तर त्यांच्या माहेराचा मान जातो, न सांगावे तर माझ्या. बाबा धनत्रयोदशीला येतात. तोवर मोराला एरंडीचे तेल कुठून लावायला घ्यावे, तेवढे कळवावे.

तुमची भाचेसून,
वच्छला

(पोस्टकार्ड)
तेल्हारा, ३० ऑक्टोबर

चि. सौ. कौशल्येस अनेक आशीर्वाद.

हे कार्ड मुद्दाम उघडे लिहितो. जानराव, फाटकात उभे राहून वाचा, आणि जरा आवाज चढवा. नळापर्यंत ऐकू गेले पाहिजे.

कौशल्ये, किड्यांचे घर म्हणजे माझा मोर. वच्छलेच्या डब्यात एक दाणा खराब नाही. मूग माझ्या शेतातले. मीच ते वाळवले नाहीत, उन्हाने हिरवा रंग उडेल म्हणून. पोरीने ताबडतोब ओळखले, अन् तुझा-माझा मान राखायला गप्प बसली. तिच्या वडिलांना हे आधी सांग, फराळ मागून दे. आणि तिला लवकर परत पाठवा म्हणावे.

चाळीस वर्षांत भुंगेरा नाही, असे लिहिले होते. ते तुझ्या वहिनीला कौतुकाने सांगितले. तिने आतून चाळणी आणून माझ्यापुढे ठेवली. चाळीस वर्षे ती निवडत होती, म्हणून मले दिसले नाहीत.

मोर अंगणात जाळ. चौकटीत पोरांच्या लग्नाचा फोटो लाव. भाऊबीजेला येतो, तेव्हा भिंग सूनबाईला देईन. तिला गरज नाही, पण माझ्याजवळ ते आता शोभत नाही.

लोभ आहेच. तोही वर्षातून एकदा उन्हात घालत जावा.

तुझा दादा,
सूर्यभान