चोवीस तारखेच्या आत

१ सप्टेंबर, सोमवार

बँकेचं पत्र. ह्यांच्या नावाचं. 'आपल्या सुवर्ण कार्डाचे वार्षिक शुल्क २४ ऑक्टोबर रोजी आकारण्यात येईल.' म्हणजे दीड महिन्याहून थोडे जास्त दिवस आहेत. त्याच्या आत कार्ड बंद करायचं. ठरलं!

आठ वर्षं ह्यांनी ते कार्ड सांभाळलं. मुख्य कार्ड ह्यांचं, त्याला जोडलेलं पुरवणी कार्ड माझं. दर खरेदीला पॉइंट. चाळीस हजार झाले की लेकीकडे जाण्यायेण्याचं विमानाचं एक तिकीट फुकट. ह्यांना ऐंशी हजार करायचे होते, दोघांचे. आज आहेत छत्तीस हजार चारशे. त्यातले निम्म्याहून जास्त हॉस्पिटलच्या बिलाचे. हे गेल्यानंतर चौथ्या दिवशी ह्यांच्या फोनवर मेसेज आला — अभिनंदन! आपण सुवर्ण श्रेणीत पोहोचला आहात.

तो फोन मी अजून चार्ज करते. बँकेला काहीच कळवलेलं नाही. दहा महिने होतील.

३ सप्टेंबर

कार्डाबरोबर आलेली नियमांची पुस्तिका शोधून काढली. चौसष्ट पानं, मुंगीएवढी अक्षरं. माझी शाळा चौथीत सुटली, पण पुढे हाताला लागेल ते वाचत आले — पुड्यांचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, मग वाचनालयातल्या जाडजूड कादंबऱ्या. पान गाळायची सवय नाही. ह्यांनी पुस्तिका उघडलीच नव्हती. "तू वाच आणि मला गोष्ट सांग," म्हणायचे.

पान एकेचाळीस — 'मुख्य कार्डधारकाच्या मृत्यूची माहिती बँकेस प्राप्त होताच कार्ड, पुरवणी कार्ड व शिल्लक पॉइंट रद्द होतील.' तीनदा वाचलं. मृत्यू होताच नाही, माहिती प्राप्त होताच. म्हणजे बँकेच्या दृष्टीनं ह्यांनी कधी जायचं, ते माझ्या हातात आहे!

तर आधी पॉइंट पुरे करायचे. मग तिकीट काढायचं. मग सांगायचं. हे खोटं आहे का? आहे, थोडंसं.

७ सप्टेंबर, रविवार

अकराला लेकीचा फोन. नेहमीसारखा — जेवलीस का, गुडघा कसा आहे. म्हटलं, "तुझ्याकडे यायचं म्हणतेय." ती म्हणाली, "बघू गं. इथे सध्या धावपळ आहे." जावयांना फोन दे म्हटलं, तर झोपलेत.

फोन नऊ मिनिटं. त्यानंतरचा रविवार फार लांब असतो.

१० सप्टेंबर

बँकेतल्या मुलीचा फोन, ह्यांच्या फोनवर. "नमस्कार, साहेब आहेत का?"

"आंघोळीला गेलेत."

दुपारचे तीन वाजले होते! मागच्या महिन्यात ते बाजारात गेले होते. त्याच्या आधी केस कापायला. जिवंतपणी हा माणूस एवढा कधी घराबाहेर पडला नव्हता.

पॉइंट तर आहेतच, पण खरं सांगायचं तर तेवढंच नाही. हे गेले, हे वाक्य मी अजून कुणापुढे तोंडानं म्हटलेलंच नाही. लेकीला डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. शेजाऱ्यांनी एकमेकांना सांगितलं. माझ्यावर वेळच आली नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

लाँड्रीत आज सतरा पँटी आखूड करायला. मागच्या खोलीत मी, मशीन आणि वाफ. मालकीणबाई काउंटरवरून ओरडून बोलतात, त्यामुळे गिऱ्हाइकांनाही माझं सगळं माहीत असतं.

"अगं, कापून टाक ते कार्ड! शुल्क कशाला भरतेस?"

"तिकीट निघायचंय."

"तुझी लेक एवढी शिकलेली. तिला पाठवता येत नाही एक तिकीट?"

मी टीप घालत राहिले. वाकडी गेली. उसवली.

माझ्या पगारातून खरेदी करून पॉइंट पुरे व्हायचे नाहीत. मी खाऊन खाऊन किती खाणार!

१८ सप्टेंबर, गुरुवार

उत्तर समोरच होतं. टेबल!

दर गुरुवारी संध्याकाळी सहाला हे टेबलाशी बसायचे. चष्मा, पेन, कार्ड. अख्ख्या जिन्यातली माणसं आपापली बिलं घेऊन यायची — विजेचं, फोनचं, पाण्याचं. पैसे ह्यांच्या हातात रोख द्यायचे, हे कार्डावरून बिल भरून टाकायचे. त्यांची रांग वाचायची, ह्यांना पॉइंट मिळायचे. चहाची आधणं माझ्याकडे. मी कुरकुर करायचे — हे घर आहे की टपाल कचेरी! हे गेल्यावर पहिल्या गुरुवारी कुणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. मी मात्र कितीतरी गुरुवार सहाला दूध तापवून ठेवत होते.

आज साडी बदलली आणि जिना चढले. तिसऱ्या मजल्यावरचे कवायत मास्तर, निवृत्त, एकटे. दार उघडून छाती काढून उभे.

"मास्तर, विजेचं बिल आहे का?"

"वहिनी, तुम्ही वीजमंडळात कधी लागलात?"

पॉइंटांचं सांगितलं सगळं. मास्तरांनी तीन महिन्यांची थकलेली बिलं आणली. म्हणाले, ह्यांच्यानंतर रांगेत उभं राहावंसं वाटलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पाच माणसं! मास्तर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, नर्सबाई आणि तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर. कप कमी पडले. डॉक्टर म्हणाला, "काकू, दवाखान्यात नवी खुर्ची घेतोय. तिचं बिल टाकू का तुमच्या कार्डावर? पैसे आणलेत."

"टाक बाबा. खुर्ची टाक, दिवा टाक, सगळं टाक!"

थोरली बहीण म्हणाली, "काका असते तर त्यांनी खुर्चीत बसून बघितलं असतं आधी." सगळे हसले. मीही.

प्रत्येक बिलाला ह्यांच्या फोनवर आकडे येतात, ते घातले की पैसे जातात. एका संध्याकाळी तो फोन नऊ वेळा वाजला. एरवी कुणाचा वाजणार?

सगळे गेल्यावर कप विसळले. सात. पाच त्यांचे, एक माझा, एक सवयीनं ह्यांच्यासाठी भरलेला.

५ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन चार मिनिटं. जावई कामावर. रविवारी?

९ ऑक्टोबर

एवढ्यात मास्तर सोमवारीही येतात. बिल नसतं. जिन्याचा दिवा गेलाय, हे सांगायला. दिवा गेलेला नाही, मी पाहिलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

खर्चाचा कागद आला, पॉइंट जमा झाले. चाळीस हजार दोनशे दहा!!

खुर्चीनं तारलं. मोठ्यानं आकडा वाचला. दुसऱ्यांदा अजून मोठ्यानं. मग खोलीत फारच शांत झालं.

तिकीट आजच काढणार नाही. रविवारी लेकीला तारीख विचारून काढीन. हातात आठ दिवस आहेत.

१९ ऑक्टोबर, रविवार

"झाले गं चाळीस हजार! बाबांच्या पॉइंटांवर तिकीट निघतंय माझं. कधीचं काढू?"

तिकडे दार लावल्याचा आवाज.

"आई, नको येऊस."

"पुढच्या महिन्यात येऊ का?"

"पुढच्याही नको. इथे अडचण होईल. नंतर कधीतरी सांगते. ठेवते."

२० ऑक्टोबर

अडचण.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

मालकीणबाईंना कसं कळलं कोण जाणे. "नको म्हणाली ना? मग पॉइंट वाया कशाला घालवतेस? बॅगा घे! त्यांच्या यादीत छान बॅगा असतात, चाकांच्या."

घरी येऊन यादी पाहिली. चाळीस हजारांत चाकांच्या दोन बॅगा, एक मोठी, एक लहान. ह्यांच्या सलाइनच्या, ऑक्सिजनच्या, त्या शेवटच्या अकरा दिवसांच्या पैशांवर मिळालेल्या बॅगा. त्या घेऊन मी जाऊ कुठे?

एका परीनं लेकीचंही बरोबर आहे. तिचा संसार, तिची कामं, त्यात ही दोन्ही गुडघ्यांनी कुरकुरणारी बाई. मी तिच्या वयाची असताना आईला किती वेळा 'ये' म्हटलं होतं? आठवून पाहिलं. फार वेळा नाही.

तिकीट नाही तर पॉइंट धरून बसण्यात अर्थ नाही. शुल्क तेवढं माथी बसेल. परवा, तेवीसला सांगून टाकायचं.

कसं सांगायचं? 'निधन झाले' पेपरातलं वाटतं. 'देवाघरी गेले' म्हटलं तर हे हसतील. 'वारले' बरं. दोन-तीनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं वाटलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

अर्धी रजा घेतली. फोनवर आधी वाजंत्री, मग 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा वाजंत्री. वीस मिनिटांनी तीच मुलगी.

"कार्ड बंद करायचंय," म्हटलं.

"मॅडम, साहेबांना फोन द्याल का? विनंती त्यांच्याकडूनच लागते."

"ते वारले."

म्हटलं एकदाचं. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. पंखा फिरत होता.

"कधी, मॅडम?"

"नोव्हेंबरात. मागच्या."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. ती माझ्याशी किती वेळा बोलली होती! आंघोळ, बाजार, सगळं तिला आठवत असणार. मला वाटलं आता झापेल.

"काकू," ती म्हणाली, "तुमच्याजवळ कोणी आहे का आत्ता?"

"नाही. पण आज गुरुवार आहे, सहाला येतील."

तिला काय कळलं असेल! मग ती नियमांवर आली. दाखल्याची प्रत पाठवायची. पॉइंट आत्ताच शून्य होतील, चालेल का? चालेल म्हटलं. शेवटी म्हणाली, "तशी घाई नव्हती, काकू. शुल्क लागल्यावरही तीस दिवसांत बंद केलं तर ते परत मिळतं."

"पुस्तिकेत तसं नाही. मी सगळी वाचलीये."

"नवा नियम आहे. पुस्तिका जुनी असेल."

ह्यांचा फोन वाजला. 'आपले कार्ड बंद करण्यात आले आहे. शिल्लक पॉइंट: ०.' एका दिवसानं शुल्क वाचलं.

सहाला माणसं आली. कार्ड बंद केलं म्हणून सांगितलं, आणि का बंद केलं तेही. वाक्य दुसऱ्यांदा जरा सोपं गेलं. धाकटी बहीण रडली. मास्तर बिलं खिशात घालून तसेच बसून राहिले, आठ वाजेपर्यंत.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मालकीणबाईंकडे सहा महिन्यांच्या पगाराची उचल मागितली. दिली. कशाला ते विचारलं नाही. पहिल्यांदाच!

काल दुपारी लेकीचा फोन आला होता. शुक्रवारी. फेब्रुवारीपासून ती एकटी राहतेय, भाड्याच्या एका खोलीत. जावयांचं घर सोडलं तेव्हा बाबांना जाऊन तीनच महिने झाले होते, म्हणून मला सांगितलं नाही. मी गेले असते तर मला झोपवायलाही जागा नव्हती. सगळं सांगून झाल्यावर विचारते, "आई, ते बाबांच्या पॉइंटांचं तिकीट उलटं निघतं का गं? इथून तिकडे? एकाच बाजूचं?"

"निघतं."

"पण पुरतील का?"

"उरतील," म्हटलं.