रविवारी सकाळी आमच्या गल्लीची वीज घालवण्याबाबत

प्रति,
मा. सहाय्यक अभियंता साहेब,
वीज वितरण कार्यालय, पाचोरा.

विषय : येत्या रविवारी सकाळी नऊ ते बारा आमच्या गल्लीची वीज बंद ठेवण्याबाबत.
संदर्भ : शेतीपंपांना पाळीने वीज देण्याची आपली पद्धत.

महोदय,

१. अर्जदार दिपमाला दहावीत शिकते आणि शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार आहे. म्हणजे होती.

२. तिचा थोरला भाऊ भूषण संगणकावर दुनियाभरच्या पोरांबरोबर लढाईचा एक खेळ खेळतो. घरात त्याला पाण्याची बादली उचलताना कुणी पाहिलेले नाही. तिथे मात्र तो मोठ्या फौजेचा सरदार आहे. यंदा भाऊबिजेला अर्जदाराने ओवाळले तेव्हा त्याने हेडफोन काढला नाही, की पडद्यावरची नजर हलवली नाही. ताटात ओवाळणी शेवटी आईनेच टाकली.

३. मागच्या महिन्यात धुळ्याला देवपूरच्या मैदानावर विभागीय निवड चाचणी होती. पहिल्या एसटीला भूषण मोटारसायकलने सोडणार होता. अर्जदार बूट घालून दारात उभी, आणि आतून आवाज, "थांब ना वं, किल्ला पडी जाई!" किल्ला काही पडला नाही. एसटी गेली. अर्जदाराच्या जागी निवडली गेली आणि शाळेची कर्णधारही झाली संघातलीच चारुलता, जी खो मिळायच्या आधीच उठते. आणि हा आमचा भाऊ, घरादाराने खो दिला तरी उठत नाही! वडील "खुर्चीलेच चिटकी गया हाऊ" एवढे बोलून शेतात गेले. यापलीकडे कारवाई शून्य.

४. सबब अर्जदाराने कारवाई स्वतःच्या हाती घेतली. मैत्रीण रूपालीच्या घरच्या संगणकावरून ती 'काळी वाघीण' या नावाने भूषणच्याच फौजेत शिरली. आज ती त्याचा उजवा हात आहे. सख्ख्या बहिणीला तो "ए" म्हणतो, वाघिणीला "वाघीणजी". रूपालीची आई चहाला हाक मारते ती अर्जदाराला हल्ली दुसऱ्यांदाच ऐकू येते. हा तपासाचा भाग समजावा.

५. रविवारी नऊ ते बारा किल्ला राखला की भूषण राजा होणार. ऐन लढाईत वीज गेली, तर किल्ला, मुकुट, दोन वर्षांचे राज्य, बठ्ठं गेलं! साहेब, केळीला आपण रात्रीची पाळी देता, केळी कधी तक्रार करते का? मग आमच्या गल्लीने तीन तास सोसायला काय हरकत आहे? तशीही खांबाजवळची कडुनिंबाची फांदी तारेला घासतेच आहे, ती तोडायला रविवार धरावा. शेजारच्या भागाबाईंची संमती घेतली आहे. घरच्या इन्व्हर्टरचे अर्जदार आदल्या दिवशीच स्वतः पाहील.

६. त्याच रविवारी देवपूरला राखीव खेळाडूंची चाचणी आहे. अर्जदार शनिवारीच तिथे मावशीकडे मुक्कामाला जाईल, मावशीच्या संगणकावर भावाचा किल्ला पडताना डोळे भरून पाहील आणि मग मैदानावर जाईल.

तरी फांदीवर आणि भूषणवर एकाच दिवशी कुऱ्हाड चालवावी, ही विनंती.

आपली, खो मिळताच उठणारी,
दिपमाला चुडामण पाटील
पाचोरा, दि. ४ डिसेंबर २०२५

सोबत : फांदीचा फोटो.

ता. क. : चाचणीसुद्धा नऊलाच आहे, हे आत्ता पाहिले. तरी धुळ्याच्या साहेबांना एक फोन करून देवपूरला मावशीच्या घरचीही वीज त्याच वेळी घालवावी. आज सरावाला म्हणून निघालेली अर्जदार थेट रूपालीकडे जाऊन बसली. वीज चालू राहिली तर रविवारी ती खुर्चीवरून उठेल, असे ती लेखी देऊ शकत नाही.