अवसेचा ठिपका

सारसोळे, १२ फेब्रुवारी १९५९

उद्या शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार, म्हणून सातवीकडून आलेख काढून घेतला. आडवी तिथी, उभी हजेरी. आकडे माझ्याच हजेरीपटातले. रेघ सपाट आली. तिथीचा हजेरीशी संबंध नाही, असं मी सांगून मोकळा झालो.

तेवढ्यात कोळ्यांची हिरा उठली. "गुरजी, अवसेचा ठिपका चुकलाय. अवसेला खाडी लांब सुकते, चिंबोऱ्या पन भरलेल्या गावतात, आमी सगली त्या धराला जातो. वर्गान कोनी नसतं."

"बस खाली," मी खेकसलो. का ओरडलो? खेकड्यांपायी हजेरी कमी दिसली तर शाळाच बंद करतील, या भीतीनं अवसेची हजेरी पटात मीच खोटी मांडली होती.

आता वह्या तपासतोय. हिरानं तो ठिपका खोडून शून्यावर आणलाय. आकड्यांतली संगती शोधा, हेच शिकवत होतो ना? एकटीला सापडली.

खोडरबर हातात आहे. साहेब सकाळी दहा वाजता येणार.