दारातला तरवड

माय, तुझा शेवटचा गुलाब मी या उन्हाळ्यात उपटून टाकला. रागवायचं तर रागव. तुझ्यामागं हे सोनपेठचं घर माझ्याकडं आलं, त्याबरोबर तुझी बागही आली, आणि इतकी वर्षं मी तुझ्या धाकानं तिला पाणी घालत राहिले. आता घरात सून आलीय. बोअर आटला तशी तीही न सांगता हंडा उचलायला लागली. तेव्हा ठरवलं, बास. या अंगणात झाडापायी कुणाच्या डोक्यावर हंडा येणार नाही.

तहसीलदाराच्या बंगल्यात पाहिलेले गुलाब तुला आपल्या दारात हवे होते. भर वैशाखात तू हापशावरून पाणी आणायचीस, मागं मी कळशी घेऊन. एकदा ओट्याशी पाय घसरून पडलीस. हंडा पालथा, तुला उठता येईना, आणि पहिला प्रश्न काय, तर, "गुलाबाला घातलीस का कळशी?" तुझी कंबर पुन्हा सरळ झाली नाही. गुलाब मात्र ताठ. त्या झाडाचा मला तेव्हापासून राग होता, तुला कधी बोलले नाही.

आणि त्याच अंगणात मी माळावरून आणून तरवडाचं रोप लावलं, तर तू ते उकिरड्यावर फेकलंस. "माळावरलं माळावरच बरं. दारात तरवड लावायलीस, लोकं म्हणतील ह्यांच्या घरात कोणी राहत न्हाई." नवरात्रात मात्र त्याच माळावर मला घेऊन जायचीस, त्याच तरवडाची पिवळी फुलं ओटीत भरून आणायचीस, घटावर माळ सोडायचीस. देवीला चालतो तो दाराला का चालत नाही, हे विचारायची तेव्हा छाती नव्हती. आज विचारते.

मी अंगणात रांगोळीनं नव्या बागेच्या रेघा मारल्या, सुनेनं त्या कागदावर उतरवल्या. मावळतीला बहावा, दुपारचं ऊन तो झेलेल. कुंपणाला करवंद. न्हाणीच्या पाण्यावर अडुळसा. आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना तरवड, तो मी सगळ्यात आधी लावला. शेजारीण म्हणाली, "घराचा माळ करायलाव का, बाई?" मी म्हणाले, "हो, माळच करायलेय. माळावर कोण हंडे वाहायलंय?"

हे मी त्याच नकाशाच्या पाठीवर लिहितेय. धाडायचा प्रश्नच नाही, कागद खळ लावून भिंतीला चिकटवायचाय. पाठ कुणाला दिसणार नाही, म्हणून एवढं सांगते. पावसानं ओढ दिलीय. तरवड पाण्यावाचून तगतो, हे गावभर मीच सांगत फिरले. तरी रोज पहाटे, सून उठायच्या आत, मी त्याला तांब्याभर पाणी घालते. काल वाकले तशी कंबरेत चमक भरली, आणि मी आधी पाहिलं ते तांब्यातलं पाणी सांडलं तर नाही ना.