मागच्या अंगणातली छत्री

डबो, ऑस्ट्रेलिया, १९ मार्च

प्रिय ब्रेंडन,

मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी बसून मासिक चाळत होतास आणि तू बोलावलेली दोन माणसं माझ्या मागच्या अंगणात खांबावर गोल फिरणारी, कपडे वाळत घालायची तारांची छत्री मुळासकट उखडत होती. वेळ मला शेजारच्या नोलीनने सांगितली. तिने कुंपणावरून हटकलंही होतं, "अरे ए, हे काय चाललंय? कार्मेलला ठाऊक आहे का?" तर त्यातला एक म्हणाला, "मुलानेच सांगितलंय, मावशी. सरप्राइज आहे." घरी परतले तेव्हा डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं धूसर, तरी हिरवळीतला तो खड्डा मला दिसलाच.

आणि बदल्यात काय, तर ड्रायर! "आई, बटण दाबायचं आणि आरामात बसायचं." बसून काय करू? डबोच्या उन्हात चादर अर्ध्या तासात कडकडीत होते. तेच काम तुझं यंत्र दीड तास वीज गिळून करतं आणि वर काहीतरी पराक्रम केल्यासारखं गाणं वाजवतं. तुझ्या स्वतःच्या छपरावर सौर पॅनेल आहेत. नाताळात तुझी टेगन माझंच पुडिंग खात मला शिकवत होती, "आजी, वीज जपून वापरायला हवी गं." ती जन्मायच्या आधीपासून मी सगळे कपडे उन्हात वाळवते आहे. तिला म्हणावं, आता हे बापाला सांग.

त्या छत्रीची एक दांडी वाकलेली होती, आठवतं? नऊ वर्षांचा असताना तू तिला लोंबकळून गोल गोल फिरलास. तुझ्या बाबांनी ती हातोडीने ठोकून जेमतेम सरळ केली आणि तुला म्हणाले, "पुन्हा लटकलास तर चिमटे लावून इथेच वाळत घालीन." त्या दांडीवर मी नेहमी चादरी घालायचे. कॉन्व्हेंटात सिस्टर युफ्रेशियाने घोटून घेतलेला क्रमच तसा होता: चादरी बाहेरच्या तारांवर, टॉवेल मध्ये, आणि आतले कपडे अगदी आत, शेजाऱ्यांच्या नजरेआड.

आता शेजाऱ्यांच्या नजरेचंच सांगते. जानेवारीत मी छत्रीखाली पडले, तेव्हा "नोलीन सहज डोकावली, लगेच उठवलं" असं मी तुला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. मी चाळीस मिनिटं गवतात पडून होते, मुंग्या चावत होत्या. आभाळ भरून आलं की आमच्या गल्लीत जो घरी असेल तो शेजाऱ्याचेही कपडे काढून, घडी घालून मागच्या दाराशी ठेवतो. ढग आले, माझ्या चादरी तशाच तारेवर दिसल्या, म्हणून नोलीन टोपली घेऊन आली. वर मलाच म्हणते, "मी चादरी वाचवायला आले होते हं कार्मेल, तू फुकटात वाचलीस." तेव्हापासून आमचं ठरलं: माझ्या चादरी आठला बाहेर, तीनला आत. यात चुकलं, की तिने यायचं. तुला हे सांगितलं असतं, तर तू मला वृद्धाश्रमाची रंगीत पत्रकं पाठवली असतीस. म्हणून गप्प बसले. तू समजलास, छत्रीने मला पाडलं.

परवा सोमवारी, सकाळी नऊ वाजता, मी पुन्हा पडले. तुझ्या ड्रायरसमोर, मोरीच्या ओल्या फरशीवर. यंत्राने आपलं गाणं वाजवलं, पुन्हा वाजवलं, मग तेही थकलं. कुंपणापलीकडे नोलीन माझ्या रिकाम्या अंगणाकडे बघून म्हणाली असेल, बाईसाहेब आता बटण दाबून आरामात बसल्यात. एक वाजता मी टाकीची कड धरून स्वतःच उभी राहिले. मनगट सुजलंय, म्हणून अक्षर असं आलंय. हे पत्र त्यासाठी. मला माझी छत्री त्याच जागी, त्याच उंचीची परत हवी. लावणारा कधी येईल, ते लेखी कळव; फोन केलास तर उचलणार नाही. उत्तर शुक्रवारी, २८ मार्चला दुपारी बारापर्यंत माझ्या टपालपेटीत पडलं पाहिजे. नाहीतर साडेबाराला मी शिडीवर चढून दोन निलगिरींना दोरी बांधीन, आणि नोलीन खाली उभी राहून मला शिव्या घालील.

तुझीच, अजून धडधाकट,
आई